सूनबाईच्या वर्गात सासू

ती. ताईच्या पायांवर धाकटीचं डोकं (गुडघा अजून सुजलेला असेल तर लांबूनच नमस्कार समज).

भाऊजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे ठणठणीत. अक्षर बघून दचकू नकोस, ते माझंच आहे. आजवर मी सांगायची आणि सूनबाई लिहायची, त्यामुळे तिच्याबद्दल मनातलं एक अक्षर तुला कळवता आलं नाही. ('सून बरी आहे' एवढंच मी सांगायची. तिने त्यापुढे काय काय जोडलं असेल, देव जाणे.) म्हणून आमच्या धुलाईच्या कारखान्यात मोठ्यांसाठी लिहिण्यावाचण्याचा आणि हिशेबाचा वर्ग निघाला, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी हात वर केला.

वर्ग निघाला तो इस्त्रीवाल्या पैलवानामुळे. डब्यावरचं न वाचता त्याने दवाखान्याचे हिरवे डगले रंग उडवायच्या पाण्यात बुडवले, ते भुतासारखे पांढरेफटक निघाले. मॅनेजर म्हणाले, आता जेवणानंतर ज्याला हवं त्याने शिकावं, आणि जो नीट वाचून दाखवेल त्याला साबणखोली सांभाळायला. बसून काम, ताई! माझ्या कंबरेला दुसरं काय हवं? पहिल्या दिवशी घड्यांच्या खोलीत चादरींचे गठ्ठे सरकवून आम्ही बसलो, आणि खडू घेऊन आत आली कोण, तर आमची सूनबाई! घरी अवाक्षर काढलं नव्हतं. (सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता, म्हणाली. खरंच आहे ते.)

घरी 'आई, आई' करणारी ती तिथे मला सगळ्यांसारखंच 'मावशी' म्हणते. एकदा 'एकास दहा' असं मिश्रण करायला सांगितलं, मी दहा मापं औषध आणि एक माप पाणी धरलं. "मावशी, अशाने चादर नाही, नुसती भोकं उरतील," म्हणाली. पैलवान पोट धरून हसला. त्या दिवशी घरी मी तिच्याशी बोललेच नाही. तिने निमूटपणे भांडी घासली आणि पाटी माझ्यापुढे ठेवली.

परीक्षेला मॅनेजरांनी नवाच डबा उचलला. मी वाचायला लागले आणि जोडाक्षरावर अडले. "ती... ती..."

"ती कोण?" पैलवान म्हणाला. सगळे खिदळले.

मी सूनबाईकडे पाहिलं. नुसते ओठ हलवले असते तरी भागलं असतं, पण तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या रागातच ते अक्षर सुटलं. "तीव्र! कातडीला लागू देऊ नये!" असं ओरडले, की मॅनेजरांनी डब्यावरचा हात झटकन काढला. वळून बघते तर सूनबाई डस्टरनेच डोळे पुसत होती. तोंडभर खडू.

साबणखोली मला मिळाली. काल सुट्टी होती, दुपारी दार लावून तुला सगळं कळवायला बसले. 'ताई, ही बया' इथवर लिहिलं आणि पुढे पेन्सिल सरकेना. तो कागद फाडला आणि हा घेतला.

तुझी धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला सूनबाईला तुमच्या गावच्या कॉलेजात वर्षभरासाठी जागा मिळालीय. मुलगा तयार आहे, हीच "वर्ग अर्धवट टाकून कशी जाऊ?" म्हणत बसलीय. तू तुझ्याकडे राहायला बोलाव, तुझा शब्द ती मोडणार नाही. जेवताना "पोट भरलं" म्हणाली तर विश्वास ठेवू नकोस.

दुसरा ता. क. हे मी सुचवलं असं तिला कळू देऊ नकोस. ती निघेल तेव्हा मी थोडी कुरकुर करणार आहे, नाहीतर तिला संशय येईल.