कॉन्टेसाची वाट मोकळी करण्याबाबत

मी, निरंजन सुकलाल महाजन, वय ५१, राहणार लालबाग, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कंबरेखालचे शरीर सहा वर्षांपासून माझे ऐकत नाही. डोके आणि दोन्ही हात शाबूत आहेत. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मूत्रपिंडे फार काळ साथ देणार नाहीत असेही त्याच डॉक्टरांनी सांगितले, म्हणून ही घाई.

१. वाटणीत मला मिळालेला घराचा वरचा मजला, मागचे अंगण, त्यातील शेड आणि बँकेतील ठेव माझी पत्नी वैशाली हिला मिळावी. तिने इथेच राहावे असा माझा आग्रह नाही. या खोलीला एकच खिडकी आहे. माझ्यामागे तिने ती पाहत बसू नये. नेपानगरला माहेरी जावेसे वाटले तर खुशाल जावे.

२. शाहपुरच्या केळीच्या बागेतील माझा हिस्सा थोरले बंधू श्री. लीलाधर यांना. मेहनत त्यांचीच आहे. मला आंघोळीला उचलून नेतात तेही भाऊच. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे ते वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

३. वेल्डिंग मशीन, पाइप वाकवायचे यंत्र आणि सगळे पाने समाधान याला. माझ्या वर्कशॉपमध्ये तो सुरुवातीपासून होता. माझा ग्राइंडर नेऊन परत न आणणाऱ्या मावसभावाला काहीही देऊ नये, मागितले तरी.

४. आता गाडी. जुनी कॉन्टेसा, तिच्यात मी आठ सिलिंडरचे इंजिन बसवले. इंजिन बदलल्याची नोंद झालेली आहे, कागद वैशालीकडे आहेत. राहिला होता तो फक्त मधला पाइप. असे इंजिन चार-चार सिलिंडरांचा धूर दोन बाजूंनी सोडते, आणि त्या दोन पाइपांना वाटेत कुठेतरी जोडावे लागते, म्हणजे दाब सारखा होतो. मध्ये आडवा तुकडा घातला की एच. त्याने कमी वेगात ओढ चांगली मिळते, आवाज जड, धडधडता. दोन्ही पाइप एकमेकांत मिसळून पुन्हा वेगळे केले की एक्स. मग वेग वाढेल तसे इंजिन मोकळे होते, आवाज सलग आणि चढा. मला एक्स हवा होता. तो तिथे बसतो का, एवढेच बघायचे होते. गाडीखाली पडून गिअरबॉक्सजवळची जागा मोजत असताना जॅक घसरला.

दवाखान्यातून मला घरी आणले तेव्हा शेडच्या फाटकापुढे भिंत उभी होती. माणूस जाईल एवढे लहान दार ठेवलेले. गाडी आतच.

"भिंत कशाला, भाऊ?" मी विचारले.

"केळी ठेवायला जागा लागते."

"भाऊ."

ते माझे पाय पुसत होते. "त्या गाडीनं तुला खाल्लं, निरू. उद्या पोरगी तिच्यात बसून निघाली तर मी पाहत उभा राहू?"

वकील म्हणतात, जागा तुमची, नोटीस द्या. पुसल्याचे मला कळतही नाही असे माझे पाय जो माणूस रोज पुसतो, त्याला नोटीस कशी द्यावी, हे वकिलांना सांगता आले नाही.

५. गाडी माझी मुलगी तृप्ती हिला. ती इंदूरला गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. ~~तिने त्यात एच-पाइपच बसवावा, एक्स बसवू नये.~~ ही खोडलेली ओळ माझीच आहे, बाजूला सही केली आहे. एक्ससाठी खालची आडवी पट्टी कापावी लागेल, कोणाला तरी फार वेळ गाडीखाली पडावे लागेल, असा माझा हिशेब होता. दिवाळीला तृप्ती आली आणि तिने ते वाचले.

"पप्पा, तुम्हाला तर एक्स पाहिजे होता."

"बसत नाही तो."

"मोजलं का कोणी?"

मी काही बोलायच्या आत ती जिना उतरली. खिडकीतून शेडचे पत्रे दिसतात, आतले काही दिसत नाही. हाका मारल्या. समाधानला फोन लावला, तर तृप्तीने त्याला शेडमध्येच बोलावून घेतले होते. तो म्हणाला, "भैया, चारी बाजूंनी स्टँड लावलेत, काढलेली चाकं पण गाडीखाली सरकवलीत, घसरली तरी त्यांच्यावर अडेल. मी इथंच बसलोय. टेन्शन नका घेऊ." मी फोन कानाला धरूनच बसलो. हातात विटा असत्या तर ते लहान दारही मी बुजवले असते. हे भाऊंनी वाचावे म्हणून लिहिले आहे.

ती वर आली तेव्हा केसांना ग्रीस लागले होते. "बसतो, पप्पा. अर्धा इंच जागा उरते. पट्टी कापायचीच नाही."

तिथेच मी ओळ खोडली. कोणता पाइप बसवायचा ते तृप्तीने ठरवावे.

"मग एक्सच ना?" मी विचारले.

"नाही. एच."

"अगं, बसतो म्हणालीस ना!"

"बसतो ना. पण मला असिरगडचा घाट चढायचाय, शर्यत नाही लावायची. खालून ओढ पाहिजे."

मला हे पटलेले नाही, तशी नोंद करतो. अट मात्र कोणतीही नाही.

६. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते हे मला माहीत आहे. तोवर गाडी आत आणि मी वर. माझे दिवसकार्य उरकले की वैशालीने भिंत पाडून घ्यावी, अंगण तिचे आहे, कोणाची परवानगी लागत नाही. पाडायच्या दिवशी काही निमित्त काढून भाऊंना शाहपुरला बागेत पाठवावे. पहिला घाव पडताना ते अंगणात नसावेत. तृप्ती घाट चढून उतरली की तिने सगळ्यात आधी फोन त्यांना करावा. पोचले, एवढेच सांगावे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला असून साक्षीदारांसमोर सही करत आहे.

(सही) निरंजन सुकलाल महाजन

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. (सही) कौतिक दगडू पाटील, शेजारी, लालबाग
२. (सही) मधुकर रामदास चौधरी, निवृत्त शिक्षक, बुऱ्हाणपूर

स्थळ: वरची खोली, लालबाग, बुऱ्हाणपूर
दिनांक: ९ डिसेंबर २०२४