तंबूच्या झडपा

दि. ४ मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

डोंगरावर सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. चिमणी पक्षी मोजायला गेली म्हणून तुझी आई शेजारीपाजारी हसत सांगते आणि घरात येऊन डोळे पुसते.

तुझा तंबू दुरुस्त करताना एक गंमत केली, ती आता सांगतो. वर दोन्ही बाजूंना जाळीच्या फटी उघड्याच ठेवल्या होत्या! कुठल्या अर्धवट शिंप्यानं शिवला होता कोण जाणे. मी आतून कापड लावून अशा बुजवल्या की शोधून दाखव. आता वाऱ्याची आत शिरायची बिशाद नाही. तुमच्या मदतीला निघालेल्या तुकडीचे तंबूही दुकानात आलेत. त्यांचंही तसंच करतो, बिचारे गारठायला नकोत.

वारा अडवून बसलेला तुझा,
बाबा

दि. ११ मार्च

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

आधी सांगते, मी ठणठणीत आहे. आता बसून वाचा.

परवा दुपारी गारा पडायला लागल्या, म्हणून स्टोव्ह तंबूत घेतला. आत पेटवू नका, असं गॅसच्या डब्यावर छापलंय. तरी म्हटलं, चहापुरता काय होतंय! थोड्या वेळानं डोकं जड झालं. माझी जोडीदारीण काहीबाही बरळायला लागली आणि कलंडलीच. कसाबसा स्टोव्ह बंद करून तिला ओढत बाहेर काढलं. गारा झेलत दोघी कितीतरी वेळ नुसत्या पडून होतो. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना विषारी वायू होतो, बाबा, आणि त्याला वासही नसतो. ती आता बरी आहे.

मग वर पाहिलं, तर झडपा बंद. त्या फटी कुणी चुकून ठेवल्या नव्हत्या, तंबूचं नाक होतं ते.

स्टोव्ह आत घेण्याचा गाढवपणा माझाच. तुम्हाला हे कधीच कळू देणार नव्हते, पण त्या तुकडीचे तंबू आठवले आणि राहवलं नाही. ते उसवा. झडपा उघड्या असल्या तरी स्टोव्ह बाहेरच पेटवायचा आणि डबाही उघड्यावर, जवळपास आग नसताना बदलायचा, हे त्यांना सांगा.

माझ्या तंबूचे टाके मी उसवले. इतकी सुरेख तुरपाई, कापताना जिवावर आलं. रागावू नका, स्वतःवर तर मुळीच नको.

तुमचंच लाडकं गाढव,
चिमणी

दि. १६ मार्च

चि. चिमणीस, आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातली कातर खाली पडली. मग तीच उचलून बसलो. तुझ्या आईनं आणि मी सगळे तंबू उसवले. ती शेजारी बसून दोरे वेचत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तंबू न्यायला आलेल्यांना सरळ सांगितलं, माझ्या अडाणीपणानं तुमची हवा बंद केली होती. स्टोव्ह आत नेणार नाही, असं एकेकाकडून वदवून घेतलं, मगच तंबू हातात दिले. त्यांचा म्होरक्या हसला. मला काही हसू आलं नाही.

कापताना जिवावर आलं म्हणतेस! अगं बये, जिवावर बेतलं होतं. जन्मभर लोकांची फाटकी शिवली आणि पोटच्या पोरीचा श्वास शिवून टाकला. आणि म्हणे कळू देणार नव्हते! असलं पुन्हा लपवशील तर बघ.

परत ये, असं लिहिणार होतो. आईनं हात धरला. म्हणाली, तिचं काम आहे ते. म्हणून एवढंच मागतो. वारा येऊ दे आत. चहा उघड्यावर कर, कुडकुडत कर, नाहीच जमला तर पिऊ नकोस. गारठलेली ये, शिंकत ये, पांघरुणं घालायला मी आहे. पण ये.

तुझा,
बाबा