गुडघाभर झाडाची सावली

ऐरोली,
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थरूप अक्कास,

बंडूचा नमस्कार. साष्टांग घालायला गुडघा तयार नाही, म्हणून कागदावरच लोटांगण घातलंय, गोड मानून घे. इकडे मी, मीना आणि मीनाची बीपीची गोळी, तिघंही खुशाल. तुझं कसं काय हे विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस, कारण फोनवर तब्येतीचा विषय निघाला की तुझं दूध उतू जातं. (सकाळी, संध्याकाळी, उपासाच्या दिवशी, केव्हाही. अख्ख्या करमाळ्याचं दूध तुझ्याच गॅसवर असतं का?) पत्र काही तुला मध्येच ठेवून देता येणार नाही, म्हणून हा खटाटोप. गेल्या उन्हाळ्यात तू अंगणात चक्कर येऊन पडलीस. शेजारच्या गीतांजलीने भिंतीवरून पाहिलं म्हणून निभावलं. त्यावर तुझं म्हणणं, 'पडले कुठे, जरा टेकले.' उन्हाळ्यापुरती आमच्याकडे ये म्हटलं तर म्हणालीस, तुमच्या नवी मुंबईत टेकायला एक झाड नाही, माझा कडुनिंब सोडून त्या सिमेंटात काय करू? मी तेव्हा विषय बदलला. आता बोलतो, कारण आमच्याकडे झाड आलंय.

त्याचं असं झालं की, सोसायटीत हवामान बदलावर चर्चा ठेवली होती. चेअरमन विपुल (आयटीतला, गुणी आहे, फक्त बोलताना हवेतच पानं उलटतो) याने भिंतीवर नकाशा दाखवला. त्यात आपली खाडी निळी, आणि ते निळं हळूहळू सरकत आमच्या गेटपर्यंत. आपण असेच वागत राहिलो तर नातवंडांच्या काळात असं होऊ शकतं, म्हणाला. खरं सांगू का अक्का, घाबरायचं सोडून मी त्या निळ्याकडे बघतच बसलो, इतकं ते शांत होतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रणजीतने विचारलं की मग तेव्हा पाणी चोवीस तास येईल का. तळमजल्यावरचे जयदेव (मूळचे दिवाळे कोळीवाड्याचे, भावाची होडी अजून खाडीत असते) म्हणाले, "दादा, ती खाडी हाय. पानी खारट हाय." त्या सभेत एकमत झालं ते एवढ्यावरच. बाकी एसी कमी लावावा हे सगळ्यांना पटलं, फक्त तो शेजाऱ्याने कमी लावावा असं प्रत्येकाचं मत पडलं. शेवटी, काहीतरी ठरवल्याशिवाय समोसे मिळणार नाहीत असं सेक्रेटरी राजलक्ष्मीबाईंनी जाहीर केल्यावर ठराव झाला की बंद पडलेलं कारंजं काढून त्या जागी एक कडुनिंब लावायचा.

रोप आलं. माझ्या गुडघ्याएवढं. (बऱ्या गुडघ्याएवढं.) विपुलने हौसेने मोबाइलवर दाखवलं की झाड मोठं झाल्यावर सावली कुठल्या वेळी कुठे पडेल, आणि तिथेच चूक झाली. सकाळची सावली बी विंगकडे जाते हे कळताच ए विंग खवळली. दुपारची रणजीतच्या गाडीवर पडत नाही म्हणून रणजीत खवळला. जे झाड अजून वाऱ्याने आडवं होतं, त्याच्या सावलीवरून माणसं एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचली. मग राजलक्ष्मीबाईंनी खडू घेतला, फरशीवर भावी सावलीचे चौकोन आखले आणि लॉटरी काढली. इकडे घरं लॉटरीने मिळतात, गाळे लॉटरीने मिळतात, त्यामुळे कोणाला यात वावगं वाटलं नाही. साबुदाण्याच्या स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या आणि, अक्का, तुझ्या भावाला दुपारच्या चहाची सावली लागली! सगळ्यात भारी जागा. रणजीतने अदलाबदलीसाठी हापूसची पेटी देऊ केली. मी ढिम्म हललो नाही. (मीना आठवडाभर बोलत नव्हती. आंब्यांसाठी.)

राजलक्ष्मीबाई बँकेतून रिटायर झालेल्या, त्यामुळे त्यांनी लगेच नॉमिनी विचारला. माणूस गेल्यावर सावली कोणाची, असे वाद नकोत. मी तुझं नाव लिहिलं. त्या म्हणाल्या, अहो, या तुमच्याहून आठ वर्षांनी मोठ्या, वारस लहान असावा. मी म्हटलं, आमच्या घरात लहानपणापासून आधी तिचं, मग उरलंसुरलं माझं, हीच पद्धत आहे. तेव्हा ऐरोलीत तुझ्या नावाची सावली आहे. रीतसर शिक्क्यासकट.

जागा मिळाली तर वापरायला नको का? मी रोज दुपारी चहाचा कप घेऊन माझ्या चौकोनात खुर्ची टाकून बसू लागलो. ऊन रणरणतं, पण डोळे मिटले की पानांचा आवाज येतो. खरंच येतो. मग सगळंच हलकं होतं. ते विपुलचं निळं पाणी अलगद गेटमधून आत येतं, वॉचमनला न विचारता. दिवाळ्याच्या होड्या लिफ्टपाशी लागतात. मासे विकायला येणारी पुतळाबाई होडीतूनच आमच्या पाचव्या मजल्याकडे हाक मारते, की ताई, बोंबील ताजं हाय. मीना खिडकीतून दोरीने टोपली सोडते. आणि मधोमध झाड, हे एवढं मोठं, त्याच्या बुंध्याशी तू सुपात तांदूळ निवडत बसलेली. पाणी तुझ्या पावलांपर्यंत येतं आणि तू त्याला म्हणतेस, 'थांब रे, निवडून होऊ दे.' तर ते थांबतं. मला कुठलीच घाई नसते. असा मी गेल्या गुरुवारी बसलो होतो, आणि डोळे उघडले तर सोसायटीच्या ऑफिसातल्या टेबलावर आडवा, नाकाला कांदा, वर पंखा आणि भोवती अख्खी कमिटी. ऊन लागलं म्हणे. मी 'जरा टेकलो होतो' असं सांगून पाहिलं, पण मीनाने अशा नजरेने पाहिलं की मला तू आठवलीस. आपण दोघं एकाच आईची आहोत, यात आता शंका नाही.

कमिटीने तातडीची सभा घेऊन सावली येईपर्यंत सावलीत बसायला मनाई केली आहे. झाड डेरेदार व्हायला निदान दहा-पंधरा वर्षं लागतील, म्हणतात. मी हिशेब करत नाही. पण त्या टेबलावर पडल्या पडल्या मला पहिल्यांदा भीती वाटली, अक्का, आणि ती माझ्यासाठी नव्हती. माझ्याभोवती निदान बारा माणसं आणि एक कांदा होता. तुझ्याकडे दुपारी गीतांजली शाळेत शिकवायला गेलेली असते.

मोठ्यांना नमस्कार म्हणावं तर आता आपल्यात तूच मोठी उरलीस, तेव्हा तो सगळा तुलाच.

तुझा
बंडू

ता. क. सांगायचं राहिलं. रोप वाळलं. कोणाला अजून कळलेलं नाही, कळलं तर सावलीवाले माझा जीव घेतील, कारण पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. तुझ्या कडुनिंबाखाली दर पावसाळ्यात लिंबोळ्यांची रोपं उगवतात, त्यातलं एक हवंय. पार्सलने पाठवू नकोस, मरेल. मांडीवर धरून आणावं लागेल, आणि ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही. लावल्यावर रुजेपर्यंत, म्हणजे पावसाळा येईपर्यंत, त्याच्याजवळ कोणीतरी जाणतं माणूस राहायला हवं. तिकीट काढून पाठवतो.

ता. क. दुसरा. अक्का, मीनाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. रोप वाळलेलं नाही. ह्यांनी त्याला तांदळाचं धुवण घालून घालून चांगलं तजेलदार केलंय, कालच नवी पालवी फुटली. खोटं ह्यांना धड कधी जमलंच नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण तुम्ही या. रोप आणलंत तर दोन होतील, नाही आणलंत तरी चालेल. कमिटीची मनाई फक्त ह्यांना आहे, नॉमिनीला नाही, राजलक्ष्मीबाईंना मी विचारून ठेवलंय. चौकोनात दुसरी खुर्ची मांडली आहे. सावली यायची तेव्हा येईल, तोवर छत्री मी धरीन.