हिरेकोप्प धरणाच्या भोंग्याचा संगणक जुन्याच प्रणालीवर ठेवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
हिरेकोप्प धरण विभाग.

विषय : भोंग्याला जुन्या प्रणालीचा संगणक परत जोडणे.
संदर्भ : जुनी प्रणाली बंद करण्याबाबतचे आपले परिपत्रक, दि. २ एप्रिल २०२६.

महोदय,

मी निंगप्पा कडेमनी, भोंग्याच्या खोलीचा राखणदार. नोकरी एकोणतीस वर्षे.

१. जुन्या प्रणालीला आता संरक्षण मिळत नाही, जाळ्यातून चोर शिरतात, असे परिपत्रकात आहे. ते खरे असेल. पण आमचा संगणक कुठल्याच जाळ्याला जोडलेला नव्हता.

२. आता जे लिहितो ते आजवर कागदावर आलेले नाही. भोंगा वाजवणाऱ्या प्रोग्रामची मुदत २०११ सालीच संपली. तो बनवणारी कंपनीही उठून गेली. तेव्हाच्या साहेबांनी तोंडी सांगितले, म्हणून दर जानेवारीत मी संगणकाचे साल मागे नेऊन २०१० करत आलो. जुनी प्रणाली ते निमूट मानत असे. नवी मानत नाही. ती खरी तारीख जाळ्यावरून स्वतःच आणते, प्रोग्राम मुदत संपली समजून झोपतो आणि पडद्यावर मात्र हिरवी खूण राहते. हा गुन्हा ठरला तर तो माझ्या नावे लिहावा.

३. हे मी नव्या अभियंत्यांना सांगितले. ते म्हणाले, "अज्जा, तुम्ही जुने, म्हणून तुम्हाला जुनंच गोड लागतं." हाताने भोंगा वाजवायचे बटणही नव्या जोडणीत काढून टाकले आहे.

४. गुरुवारी, ९ तारखेस, चाचणीसाठी एक दरवाजा वीतभर उचलला. भोंगा वाजला नाही. खाली पात्रातल्या वाळूत कलिंगडवाल्यांची वस्ती आहे. गंगव्वा मादर हिचे वेल आणि दावणीची शेळी गेली. पंचनाम्यात "प्रवाहात नैसर्गिक वाढ" असे लिहिले आहे.

५. बुधवारी, २२ तारखेस, सकाळी सहा वाजता मुख्यालयातून बटण दाबून चार दरवाजे पूर्ण उघडायचे आहेत. वस्तीला सांगायला मी तीनदा खाली उतरलो. ही माणसे पाण्याकडे बघत नाहीत, भोंग्याकडे कान देतात. ते आम्हीच त्यांना शिकवले. शेळी गेली तरी गंगव्वा म्हणते, "ते झिरपलेलं पाणी होतं रे अज्जा. दरवाजे उघडले असते तर भोंगा ओरडला नसता का? कलिंगडं तोडणीला आलीत, जा तू."

६. जुना संगणक अजून खोलीत आहे. सोमवारी तो भंगारात जाणार. त्यापूर्वी तो परत जोडण्याचा लेखी आदेश व्हावा, नाहीतर बुधवारचे पाणी थांबवावे. दोन्ही न झाल्यास त्या सकाळी मी भोंग्याच्या खोलीत हजर नसेन.

आपला नम्र, आजवर हुकमाबाहेर न गेलेला,
निंगप्पा यल्लप्पा कडेमनी
दि. १७ एप्रिल २०२६

सोबत : बुधवारी सकाळी पात्रात असणाऱ्यांची यादी, वयासह. एकतीस नावे वस्तीची. बत्तिसावे माझे.