छपराची सावली

आई,

इथूनच हात जोडते. शाळा छान आहे, चिकट भात खाऊन अंगही धरलंय. तुझा गुडघा कसा आहे?

घाबरू नकोस, पण महिनाभर इथे अजबच चाललं होतं. घरात मी एकटीच, तरी मी गॅस चालू ठेवून विसरले की कोणीतरी बंद करायचं. फेकलेल्या चपला सकाळी सरळ लावलेल्या असायच्या.

काल घरमालकीण बुनमा आजी आली आणि अंगणातच ओरडली, "अगं बये! स्कूटरसाठी छप्पर घातलंस, त्याची सावली खांबावरच्या त्या चिमुकल्या घरावर पडतेय, या जागेच्या देवाच्या! सावलीत तो म्हातारा देव राहील कसा? आलाय तुझ्याकडे राहायला!"

मी लगेच छप्पर उतरवलं, देवापुढे लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवली, माफी मागितली.

आज शाळेतून आले तर घरभर धूर, पातेल्याचा कोळसा. गॅस मीच विसरले होते.

तू विचारतेस ना, तिथे तुझं कोण आहे म्हणून? होतं गं, मलाच कळलं नाही.

संध्याकाळी छप्पर पुन्हा चढवलं. आजीने कपाळाला हात लावला. मग आत जाऊन शेगडीजवळ तिनेच म्हाताऱ्यासाठी एक चटई अंथरली.

तुझी, एकटी नसलेली,
साइपिन