पुसलेलं लँडिंग

सोमवार, १० नोव्हेंबर

काल सकाळी आंघोळ झाली होती, पूजा व्हायची होती. म्हटलं, हुबळीची एक फेरी करून घेऊ. विमान संगणकावरचंच, पण आमच्या क्लबात वेळापत्रक खरं, शिस्त खरी.

उतरताना वारा आडवा. धावपट्टीच्या तोंडाशी क्लबातलंच एक विमान निघायला थांबलेलं — कुणाचं ते बघायला फुरसत नव्हती. परत वर जायला हवं होतं. नाही गेलो. आदळलो, उसळलो, पुन्हा आदळलो. पडद्यावर आकडा आला — ६३८.

मिनिटाला सहाशे फुटांपेक्षा वेगाने टेकलं की दंड. ही मर्यादा मीच घातलेली. दंडाची सगळी पुस्तिका माझी, नोंदींची किल्लीही माझ्याकडे.

नोंद उघडली. ‘सॉफ्टवेअरचा दोष’ असं लिहिलं आणि पुसून टाकली. मग पूजेला बसलो. जपात तीनदा आकडा चुकला.

चोवीस तासांत आपली चूक आपण कळवली तर अर्धा दंड — हेही कलम माझंच. आज सकाळी नऊला ते चोवीस तास संपले. तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. घड्याळ बघितलं होतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

क्लबातले गुंडूरावअण्णा आज उतरताना आदळले. ६५५. महिन्यातली तिसरी खेप. तीन झाल्या की कॅप्टनपद जातं.

तीस वर्षं सरकारी बस चालवली त्यांनी, एक अपघात नाही. आता सदुसष्ट. उजवा हात थरथरतो. क्लबाच्या कॅप्टनच्या चार पट्ट्या त्यांच्या बायकोने, भागीरथीअक्कांनी, छापून आणून भिंतीवर लावल्यात. दूधवाल्यालाही सांगतात, ‘कॅप्टन फिरायला गेलेत.’

फोन केला. वाटलं, रागावतील.

‘अहो भीमसेनराव, बस कधी आपटली नाही माझी. ह्या विमानाला जमीन दिसली की माहेर दिसतं, धावतच सुटतं.’ हसले. मग म्हणाले, ‘निकाल मात्र तुम्हीच द्या. दुसरा कुणी नको. स्वल्प सवड घ्या हवी तर.’

सवड!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अभिराजचा फोन. क्लबचा प्रमुख, मूळचा पुण्याचा, महादेवपुऱ्यात नोकरी. ‘सर, इमोशनल होऊ नका. रूल तुम्हीच ड्राफ्ट केलाय. संडेला क्लोज करून टाका.’

म्हटलं, आडव्या वाऱ्याला थोडी सूट असावी का?

‘त्यांच्या वेळी वारा नव्हता, सर. मी चेक केलंय.’

नव्हताच. वारा माझ्या वेळी होता. सूट मी कुणासाठी मागत होतो?

अण्णांचीही नोंद पुसता येईल. तेच दोन शब्द पुन्हा लिहायचे. कुणी विचारणार नाही. त्यांचं पद राहील, माझंही झाकलं जाईल. दुपारभर हेच डोक्यात. दया म्हणावं तर तिच्यात माझाच स्वार्थ.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बोम्मसंद्र्याला कारखान्यात आज वेणुगोपालने भोकाचं माप तपासायचं गेज जोर लावून घुसवलं आणि तुकडा पास केला. वीस वर्षं तो माझ्या शेजारी तपासणीला आहे. मी चारचौघांत बोललो — जोर लावून गेलेलं गेज पास नसतं, एवढंही कळत नाही?

‘सरी सरी, बरोबर आहे. दुसरा तुकडा घेतो. पण तुम्हाला झालंय काय?’

मी पुढचा तुकडा उचलला.

गावच्या शाळेत मेष्ट्रु गणिताची उत्तरं फळ्यावर लिहायचे आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. पाट्या आमच्या आम्ही तपासायच्या. निम्मी पोरं पुसून दुरुस्त करायची. मी नाही केलं कधी. त्याचा अभिमान होता इतकी वर्षं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जप आजही अर्धवट सोडला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज पूजेआधीच बसलो. पुसलेली नोंद परत आणली — ६३८, खाली खरं कारण, सगळ्यांना दिसेल असं. नोंद पुसणाऱ्याला काय दंड, हे पुस्तिकेत नव्हतंच. मला सुचलंच नव्हतं. आज लिहिलं: कॅप्टनपद जाईल, किल्लीही जाईल. खाली पहिलं नाव माझं. मग अण्णांच्या निकालावर सही केली. त्यांचंही पद गेलं. दहा वेळा नीट उतरलं की दोघांनाही परत मागता येईल.

त्यांना फोन लावला. सगळं सांगितलं.

‘ठाऊक आहे,’ म्हणाले. ‘हुबळीला धावपट्टीच्या तोंडाशी माझंच विमान होतं. तुमची उसळी बघितली मी. आठवडाभर वाट बघत होतो, तुम्ही कधी बोलता म्हणून.’ आतून अक्कांनी काहीतरी विचारलं. ‘पट्ट्या काढ गं,’ असं त्यांना सांगून पुन्हा मला म्हणाले, ‘किल्ली मात्र ठेवा तुमच्याकडेच, भीमसेनराव. माझं ऐका.’

फोन ठेवला. किल्ली अभिराजकडे पाठवून दिली.