जावयाच्या हातचा कॉक

आठ दिस झालं, फोन केला की तू कट करतीस. आजीला कट करायला शिकलीस, त्यापरास दुसरं कायतरी शिकली असतीस. म्हणून हा कागद. मी तिसरीपतुर शिकलेली, तवा अक्षराला नावं ठेवायची न्हाईत.

चि. सौ. राजेश्वरीस कोरेगावच्या आजीचा आशीर्वाद. हिकडं समदी बरी हाईत, माजं गुडघं सोडून. वीरधवल जावयांना सर्दी झाल्याचं कानावर आलं. सुंठीचा काढा दे, साखर घालू नगो.

आता त्या दिवसाचं. तू आईसंगं सैपाकात होतीस, म्हणून नीट सांगते. अधिक महिन्याचं पहिलं वाण, आनि जावई पाटावर बसायचं सोडून न्हाणीत शिरलं. तिथला पाणी बंद करायचा कॉक वर्सभर गळतोय, त्यो बदलतो म्हणालं. तुजा बाप सयाजी फौजेतनं पेन्शनीत आलेला गडी, पण नगो म्हणायची छाती झाली न्हाई. अधिकात जावई नारायणाच्या जागी. देवाला पाना खाली ठेव कोण म्हणणार? उलट त्यानं बॅटरी धरली. जावयांनी मोबाईलात एक माणूस बघितला (त्याची न्हाणी आपल्या माजघरापरास चकचकीत), गच्चीवरचा टाकीचा कॉक बंद करून आलोय म्हणालं (केला व्हता का न्हाई ते मागनं बघू) आनि जुना कॉक पिळून काढला. मी तवर कुरडया पालथ्या घालायला गच्चीवर.

खाली येऊन बघते तर न्हाणीत पाटाचं पाणी सुटलेलं. जावयांनी पायपाच्या तोंडावर दोनी तळवं दाबलेलं, नवा झब्बा अंगाला चिकटलेला. सयाजी बॅटरी धरून उभा (सरहद्दीवर काय केलं असंल कुणास ठाऊक). त्यांचं पाय धुवायला मांडलेली परात कोरडी आनि जावई डोस्क्यापासनं न्हालेलं. मग मी बोलले. एक कॉक बंद करता येत न्हाई, संसार कसा करणार, असं शेजारच्या बनुबाई आनि चार बायकांपुढं बोलले. बनुबाई पदर तोंडाला लावून हसली. सयाजीनं वरनं पाणी बंद केलं, तसा जावयांनी नवा कॉक टेप गुंडाळून बसवला आनि वल्ल्या कपड्यानं गाडीत बसलं. तेहतीस धोंडं ताटातच ऱ्हायलं. तू बी त्यांच्यामागं गेलीस. ते बरोबर केलंस.

अमुशेला अधिक सरतोय. आता वाण ऱ्हायलं तर तीन वर्सं थांबायचं, आनि तीन वर्सांचा वायदा मी कुणाला देत न्हाई.

ता. क. जावयांनी बसवलेल्या कॉकाखाली मी रोज कोरडी रांगोळी पसरून बघते. आठ दिसांत एक ठिपका वला न्हाई.

दुसरं ता. क. टाकीचा कॉक त्यांनी बंद केला व्हता. त्यो मी उघडला. त्यांचं पाय धुवायला तांब्याभर पाणी भरावं म्हटलं, गच्चीवरचा नळ कोरडा, म्हणून दिला फिरवून. हे बनुबाईला बी सांगितलंय, त्याच चार बायकांपुढं. तिनं आता माज्यावर हसायला पदर तोंडाला लावला.

तिसरं ता. क. मी फिरवल्यापासनं त्यो टाकीचा कॉक गळतोय. नळवाल्या ज्ञानूला जिना चढू दिला न्हाई. अमुशेच्या आत जावयांनी यावं, पाना घेऊन. आधी धोंडं, मग कॉक. मी खाली बसून ऱ्हाईन.

ह्या कागदाचं उत्तर तू द्यायचं न्हाईस, तुज्या सासूनं बी न्हाई. जावयांनी सवताच्या हातानं लिवायचं.